अग्निशमन जवानांचे अनुभव त्यांच्याच तोंडून मुलांपर्यंत कसे पोहोचवावेत? शाळेत आपत्ती व्यवस्थापन शिकवायचं आहे.

मी नागपुरात नववीला भूगोल शिकवते. पहिल्या वर्षी फसलेच. नुकतेच निवृत्त झालेले एक फायरमन काका बोलावले, शाल-श्रीफळ झालं आणि मुलांनी पाठ केलेला प्रश्न विचारला, "तुम्हाला भीती वाटली का?" काका म्हणाले, "नाही." संपलं!

मग मागच्या बाकावरून एका पोरीनं विचारलं, "तेव्हा तुमच्या पायात काय होतं?" काका वीस मिनिटं बोलले. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. काही तासांत १०० मिलिमीटरवर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदीकाठच्या वस्त्या झोपेत. "गमबुटात पाणी भरलं का पाय उचलत नाही. मंग काढूनच टाकले. नाली कुठं अन् रोड कुठं, काहीच समजेना. बांबू टोचत टोचत गेलो." गटाराचं झाकण वाहून गेलं असेल तर माणूस सरळ आत, म्हणून तो बांबू.

तेव्हापासून प्रश्न हातापायांचेच. काय उचललं, दोर कशाला बांधला, परतल्यावर आधी काय खाल्लं.

रेकॉर्डिंगची परवानगी आधी घ्या. वाचवलेल्या लोकांची नावं, घरं वहीत येऊ देऊ नका. आणि बोलले तसंच उतरवायला लावा. माझ्या मुलांनी 'मंग'चं 'नंतर' केलं होतं, पुन्हा लिहायला लावलं.

काकांनी सांगितलेली वेळ पेपरातल्या वेळेशी जुळली नाही. "म्हणजे काका खोटं बोलले?" यावर दोन तास वाद झाला. एकजण म्हणाला, "पाण्यात मोबाईल कोण काढून पाहील, मॅडम?" वर्षभरातला माझा सगळ्यात आवडता वर्ग तो.

१४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन, १९४४ च्या मुंबई गोदी स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मृतीचा. पण त्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी, म्हणून २० तारखेपर्यंतच्या सप्ताहात बोलवा. ड्युटीवरचा माणूस कॉल आला की अर्ध्या वाक्यात उठतो, निवृत्त बरे. नरखेडकडची मुलं असतील तर ३० जुलै १९९१ चा मोवाडचा पूर आजी-आजोबांनाच विचारायला सांगा.

आणि रेकॉर्डिंगच्या वेळी कूलर बंद ठेवा. एप्रिलात जीव जातो, कबूल. पण आमच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये काका कमी, कूलरच जास्त ऐकू येतो.