नवा सेट यायच्या आधी कुठली कार्डं उचलावीत, आणि रत्नागिरीत बसून हे जमतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला रत्नागिरीत, पोकेमॉन आणि मॅजिक या दोन्ही खेळांची कार्डं जमवता, पुढच्या सेटची, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या नव्या कार्डांच्या मालिकेची, घोषणा झाली आहे, हाताशी ₹२०,००० आहेत. सेट बाजारात येण्याआधी कार्डं घेऊन नंतर चढ्या भावाने विकता येतील का, आणि घ्यायची तर कुठली?

नव्या सेटमधलं कार्ड प्री-ऑर्डरच्या भावाने घेऊ नका. सट्टा करायचाच असेल तर जुन्या कार्डांवर करा, म्हणजे नवा सेट ज्यांना काम देणार आहे अशा कार्डांवर. नव्या कार्डाचा पहिला भाव हा देवगडच्या पहिल्या पेटीचा भाव असतो: माल नाही, हौस आहे, म्हणून तो चढा असतो. मे महिन्यात तोच आंबा काय भावाने जातो ते तुम्हाला माहीत आहेच.

मॅजिकमध्ये साधारण सात-आठ पॅकमागे एक मिथिक रेअर, म्हणजे सगळ्यात दुर्मीळ दर्जाचं कार्ड, निघतं. सेटमध्ये वीसेक मिथिक असतील, तर एखादं ठरावीक मिथिक निघायला सरासरी दीडशे पॅक फोडावे लागतात. रेअर कार्डं साठच्या आसपास असतात, त्यामुळे ठरावीक रेअर सत्तरेक पॅकमागे एक. हे आकडे तुम्हा-आम्हाला मोठे वाटतात. पण मोठी दुकानं रिलीजच्या आठवड्यात पेट्याच्या पेट्या फोडतात आणि सगळे सिंगल, म्हणजे सुटी कार्डं, एकदम विक्रीला लावतात, तेव्हा रेअरचा भाव बसतोच. मिथिक थोडं तग धरतं. प्री-ऑर्डरच्या भावाच्या वर जाणारी कार्डं प्रत्येक सेटमध्ये एखाद-दोन असतात. ती कुठली हे आधी ओळखता येतं असं म्हणणाऱ्याचे जुने अंदाज उघडून पाहा.

वेळापत्रक समजून घ्या, कारण निम्मा खेळ तारखांचा आहे. मॅजिकची कार्डं रिलीजच्या साधारण तीन आठवडे आधीपासून रोज थोडी थोडी दाखवली जातात, आणि प्री-रिलीज स्पर्धा रिलीजच्या आदल्या आठवड्यात होतात. जुनं कार्ड घ्यायची वेळ म्हणजे नवं कार्ड दाखवल्यावरचे पहिले काही तास. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ येतात आणि स्वस्त नग संपतात. विकायची वेळ त्यानंतर लगेच, प्री-रिलीजपर्यंत. लोक अजून डेक (खेळायचा पत्त्यांचा संच) बनवायच्या स्वप्नात असतात तेव्हा गिऱ्हाईक मिळतं. डेक खेळून हरल्यावर मिळत नाही. स्वतःला खेळायला नवी कार्डं हवी असतील तर रिलीजनंतर तीन ते सहा आठवडे थांबा. बहुतेकांचा तळ त्या सुमारास येतो.

कुठलं जुनं कार्ड? नमुना म्हणून डार्क डेप्थ्स घ्या. हे मॅजिकच्या २००६ च्या कोल्डस्नॅप सेटमधलं कार्ड. त्यावर बर्फाचे दहा काउंटर (खुणेच्या सोंगट्या) असतात, ते सगळे काढले की २०/२० चा, म्हणजे प्रचंड ताकदीचा, राक्षस मिळतो. पण एकेक काउंटर काढायला तीन मॅना (खेळात खर्चायची शक्ती) पडत, म्हणून त्याला फारसं कुणी विचारत नव्हतं. २००९ मध्ये झेंडिकारमध्ये व्हॅम्पायर हेक्समेज आलं. स्वतःचा बळी देऊन कुठल्याही पत्त्यावरचे सगळे काउंटर एका झटक्यात काढणारं कार्ड, तेही नुसतं अनकॉमन, म्हणजे रेअरपेक्षा सहज मिळणारं. डार्क डेप्थ्सचा भाव उडाला तो यामुळे. पुढे २०१३ मध्ये लेजंडचा नियम (एकाच नावाची दोन लेजंडरी कार्डं मैदानात आली तर काय करायचं तो) बदलला आणि थेस्पियन्स स्टेज या कार्डाने तेच काम करता येऊ लागलं. म्हणजे नियम बदलतात तेव्हाही जुनी कार्डं पुन्हा वाचून काढावीत.

यातून निवडीची रीत निघते. नवं कार्ड दिसलं की त्यातला विचित्र शब्द पकडा: काउंटर काढणं, स्मशानातून परत आणणं, एखाद्या विशिष्ट जातीच्या प्राण्यांना बळ देणं. मग स्क्रायफॉल या मॅजिकची कार्डं शोधायच्या साइटवर तो शब्द टाकून जुनी कार्डं शोधा. तेच काम करणारी वीस कार्डं सापडली तर सोडून द्या, कारण मागणी वीस ठिकाणी वाटली जाते. दोन-तीनच सापडली तर पुढे बघा. त्यात एकदाच छापलेलं, तेही जुन्या किंवा कमी खपलेल्या सेटमधलं कार्ड असेल तर उत्तम. एका डेकला किती नग लागतात हेही महत्त्वाचं. मॉडर्न आणि कमांडर हे मॅजिक खेळायचे दोन प्रकार: मॉडर्नमध्ये एका कार्डाचे चार नग चालतात, कमांडरच्या शंभर पत्त्यांत एकच. कमांडर खेळणारे पुष्कळ आहेत म्हणून तिथली मागणी संथपणे टिकते. मॉडर्नची एकदम उसळते आणि तितक्याच लवकर बसते.

फसगत बहुतेकदा रिप्रिंटने, म्हणजे जुनं कार्ड पुन्हा छापल्याने, होते. नव्या सेटबरोबर अनेकदा कमांडरचे तयार डेक येतात आणि त्यांची पूर्ण यादी त्याच काळात जाहीर होते. तुम्ही ज्या जुन्या कार्डावर पैसे लावले, तेच कंपनीला सुचलेलं असतं आणि ते त्या डेकमध्ये छापलेलं निघतं. शिवाय स्पेशल गेस्ट्स नावाने जुनी कार्डं नव्या पॅकमध्ये येतात. म्हणून डेकची यादी बाहेर येण्याआधी त्या विषयाचं कार्ड घेणं म्हणजे आंधळा डाव. सेट ड्रॅगनचा असेल तर ड्रॅगनचं लोकप्रिय कार्ड नकोच. १९९६ पासूनच्या रिझर्व्ह्ड लिस्टमधली कार्डं पुन्हा छापणार नाही असं कंपनीचं वचन आहे, पण तुमच्या रकमेत त्यातली बरी कार्डं बसत नाहीत आणि उरलेली कुणी मागत नाही.

दुसरा धोका बॅनचा. २३ सप्टेंबर २०२४ ला कमांडरमध्ये मॅना क्रिप्ट, जुएल्ड लोटस, डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट आणि नाडू ही कार्डं एका फटक्यात बाद झाली. यातलं जुएल्ड लोटस पाहा: त्याचा मॅना फक्त डेकचा कमांडर, म्हणजे डेकचं म्होरकं कार्ड, खेळवायलाच वापरता येतो, त्यामुळे त्या एका प्रकारातून गेल्यावर त्याला जायला दुसरं घरच उरलं नाही. एकाच प्रकारात चालणाऱ्या महागड्या कार्डावर रक्कम अडकवा असं मी कधी म्हणणार नाही. मॅजिक छापणारी विझर्ड्स कंपनी बॅनच्या घोषणांच्या तारखा आधी सांगते. विकायचा माल त्या तारखेपलीकडे धरून ठेवू नका.

पोकेमॉनचं गणित वेगळं. तिथे सेट आधी जपानमध्ये येतो, इंग्रजी नंतर. प्रिझमॅटिक इव्होल्यूशन्स हा इंग्रजी सेट जानेवारी २०२५ मध्ये आला, पण त्यातली बहुतेक कार्डं डिसेंबर २०२४ च्या जपानी सेटमध्ये जगाने पाहिली होती. म्हणजे गुपित असं काही उरत नाही. इंग्रजी प्री-ऑर्डरचा भाव जपानी भाव बघूनच ठरलेला असतो. तुम्ही करू शकता ते एवढंच, की जपानी कार्डाचा भाव पहिल्या दोन महिन्यांत कसा उतरला ते पाहायचं आणि इंग्रजीही त्याच वाटेने जाईल असं धरायचं. अपवाद पुरवठा तुटला तर, आणि प्रिझमॅटिकच्या वेळी सीलबंद मालाचं तसं झालंही. पण तुटवडा किती दिवस चालेल हे कंपनीच्या छापखान्यावर ठरतं. ती पुन्हा छापते, आणि तेव्हा चढ्या भावाने साठा केलेले अडकतात. खेळायच्या कार्डांसाठी कोपऱ्यातलं रेग्युलेशनचं अक्षर बघा, कार्ड स्पर्धेत चालतं का ते त्यावर ठरतं: एप्रिल २०२५ मध्ये एफ अक्षराची कार्डं स्टँडर्ड या प्रकारातून गेली. ज्या अक्षराची पाळी जवळ आहे ते कार्ड नव्या सेटशी कितीही जुळलं तरी घेऊ नये.

आता पैशाकडे. कार्डविक्रीच्या साइटींपैकी टीसीजीप्लेअर अमेरिकेबाहेर माल पाठवत नाही आणि कार्डमार्केट युरोपपुरतं आहे. त्यांचे भाव तुमच्यासाठी फक्त संदर्भ. आपल्याकडे बरेच विक्रेते तिथला डॉलरचा भाव घेऊन त्याला ठरावीक रुपयांनी गुणतात. तो गुणक प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून घेताना आणि विकताना तोच आधी विचारा. आणि मागितलेला भाव बघू नका, विकला गेलेला बघा. कुणीतरी चार स्वस्त नग उचलले की आलेख आकाशाला भिडतो, पण त्या भावाला एकही नग गेलेला नसतो.

हिशेब असा मांडा. ₹५०० चे चार नग घेतले, पोस्ट ₹८०, एकूण ₹२,०८०, म्हणजे नगाला ₹५२०. विकताना प्रत्येक नग वेगळ्या माणसाला जातो, पॅकिंग आणि पोस्ट तुमच्याकडून धरलं तर आणखी ₹८०. झाले ₹६००. गिऱ्हाईक दहा टक्के तरी पाडून मागतं, म्हणजे मागायचा भाव ₹६६७ हवा. भाव एक-तृतीयांश वाढला तर तुम्ही जिथल्या तिथे! म्हणून भाव दुप्पट व्हायची शक्यता दिसत नसेल तर हात लावू नका. ₹१०० च्या कार्डांत तर पोस्टच नफा खातं. ती चाराचा संच म्हणूनच विका. ₹२०,००० पैकी एका कार्डावर ₹४,००० च्या वर नको. आणि निम्मी रक्कम रोख ठेवा, कारण खरी संधी तुम्ही पैसे संपवल्यावरच दिसते.

परदेशातून मागवणार असाल तर कस्टम्स ड्युटी, जीएसटी आणि कुरिअरवाल्याचा हाताळणी खर्च हे तिन्ही आधी धरा. ‘गिफ्ट लिहून पाठवतो’ म्हणणाऱ्याला नको सांगा. डिसेंबर २०१९ पासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडली तर ती सवलत उरलेली नाही. शिवाय पार्सल मुंबईत अडकलं की तुमची विकायची खिडकी बंद. या धंद्यासाठी देशातच असलेला माल घ्या, दहा टक्के महाग पडला तरी.

किनाऱ्यावर राहणाऱ्याला वेगळी अडचण हवेची. फॉइल कार्डाचा पुठ्ठा दमट हवेत ओलावा पिऊन फुगतो, वरचा चकचकीत थर फुगत नाही, आणि कार्ड चित्राच्या बाजूने वाटीसारखं वळतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे उघड्यावर ठेवलेलं फॉइल वळणारच, आणि वळलेल्या कार्डाला पूर्ण भाव मिळत नाही. पाच लिटरचा घट्ट झाकणाचा डबा घ्या, आत ३० ते ५० ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. त्याखाली गेला तर निम्मी जेल काढा, नाहीतर कार्ड उलट बाजूला वळतं. नारिंगी जेल हिरवी झाली की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येते. पुठ्ठ्याची खोकी नकोत. कसर आणि वाळवी दोन्ही लागतात. आणि डबा जमिनीलगत नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा खालच्या फळ्यांवरचं काहीच वाचलं नव्हतं. पावसाळा तोंडावर असेल तर फॉइलमध्ये सट्टा करूच नका, साधी कार्डं घ्या.

स्लीव्ह, म्हणजे कार्डाचं पातळ प्लास्टिक कव्हर, पॉलिप्रोपिलीनची घ्या, पीव्हीसीची नको. पीव्हीसी कालांतराने चिकट होते. आधी साधी स्लीव्ह, मग ३५ पॉइंट जाडीचा टॉपलोडर (कडक प्लास्टिकचं पाकीट), तोंडाला रंगकामाची कागदी टेप. सेलोटेपचा डिंक प्लास्टिकवर राहतो आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. पाठवताना टॉपलोडर झिपच्या पिशवीत घालून पन्हाळीदार पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवा, एकाच्या रेषा उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे पाकीट वाकत नाही. मग वरून आणखी एक प्लास्टिक. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच मिसळलं आहे, तेव्हा सरळ स्पीड पोस्टच करा आणि पाकीट बंद करण्याआधी कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा.

नकली माल ओळखता आलाच पाहिजे. जत्रेत आणि स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी सोनेरी पोकेमॉन कार्डं सगळी खोटी, त्यावर वेळ घालवू नका. महागडं मॅजिक कार्ड अनोळखी माणसाकडून घेताना ३०x ते ६०x चं भिंग लावून मागच्या बाजूचा हिरवा ठिपका पाहा: खऱ्या कार्डात त्यात लाल ठिपक्यांचा इंग्रजी एलसारखा आकार दिसतो. विक्रेत्याला भिंगातला फोटो मागायला संकोच करू नका. जो द्यायला कुरकुरतो, त्याच्याकडून घेऊ नका.