चोविसावी खेळी

"ताई, होऊन इतकी वर्षं झाली, पण ती एक चूक डोक्यातून जात नाही." बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य महिन्यातून दोन-तीनदा तरी येतंच. कुणाचं सीए दोन मार्कांनी हुकलेलं असतं, कुणाची संगीताच्या परीक्षेत ऐनवेळी सम चुकलेली असते. माणसं वेगळी, वाक्य तेच. म्हणून आज एका बुद्धिबळ प्रशिक्षकांची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलं त्यांना सर म्हणतात, मीही इथे सरच म्हणते.

सर स्वतःसाठी आलेच नव्हते. त्यांच्याकडे शिकणारी अकरा वर्षांची एक मुलगी स्पर्धेच्या दिवशी सकाळी उलट्या करायला लागली होती. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं, पोटात काही निघालं नाही. तिची आई सरांना म्हणाली, "ती हरायला घाबरत नाही हो सर, तुमच्या चेहऱ्याला घाबरते." त्या रात्री सरांना झोप लागली नाही.

"मी आजवर एकाही मुलावर ओरडलेलो नाही," ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि ते खरंच होतं. मूल हरून बाहेर आलं की ते त्याच्या खेळ्या लिहिलेला डावाचा कागद घ्यायचे, चुकलेली खेळी शोधायचे, तिच्याखाली लाल पेनाने दोन रेघा मारायचे आणि कागद परत द्यायचे. बस्स.

"दोन का?" मी विचारलं.

"एक पुरत नाही."

हे उत्तर मी वहीत लिहून ठेवलं. माणूस स्वतःबद्दल जे मुद्दाम सांगतो त्यापेक्षा असं सहज निसटलेलं मला जास्त कामाचं वाटतं.

सरांची स्वतःची हकिगत पुढच्या तीन-चार भेटींत उलगडली. बारा वर्षांचे होईपर्यंत त्यांचा फोटो दोनदा पेपरात येऊन गेला होता. शाळेत सत्कार झाला, मुलगा बडोद्याचं नाव काढणार असं जो तो म्हणायचा. मग राष्ट्रीय स्पर्धेची शेवटची फेरी आली. जिंकले तर पदक. 38व्या खेळीला राजा हलवायचा होता आणि हात लागला हत्तीला. बुद्धिबळात सोंगटीला हात लावला की ती खेळावीच लागते. समोरच्याने पंचांना बोलावलं, हत्ती खेळावा लागला, डाव गेला. परतीच्या गाडीत वडील सुरत येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. दोनेक वर्षांत सरांनी खेळणं सोडलं आणि पुढे कॉलेजात असतानाच शिकवायला सुरुवात केली. 2010 साली अहमदाबादेत जगज्जेत्या विश्वनाथन आनंदच्या उपस्थितीत वीस हजारांवर लोक एकाच वेळी बुद्धिबळ खेळले, त्या मैदानावर सर मुलांना घेऊन गेले होते. स्वतः मात्र एकाही पटावर बसले नाहीत.

हार पचवण्याबद्दल त्यांना काही ठाऊक नव्हतं असं नाही. 2013 साली आनंद चेन्नईत, आपल्याच गावात, मॅग्नस कार्लसनविरुद्ध एकही डाव न जिंकता जगज्जेतेपद गमावून बसला आणि चारच महिन्यांत कँडिडेट्स ही आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा जिंकून पुन्हा आव्हान द्यायला उभा राहिला, हे ते दर बॅचला सांगत. मुलांचे डोळे चमकायचे. सरांना स्वतःला त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. आईबाबा मुलांना अशा गोष्टी सांगतात तेव्हा मी त्यांना अडवत नाही, पण त्यावर विसंबूही देत नाही. आनंदला आपल्या डावात काय घडलं ते नेमकं माहीत होतं. आपल्या डावात काय घडलं ते आपल्यालाही माहीत हवं.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने काम करणारी. घटना होऊन जाते, तिच्याबद्दल मनात पक्कं केलेलं वाक्य माणसाला छळत राहतं, असं एलिस मानत. सरांचं वाक्य होतं, "जिंकलेला डाव मी माझ्या हाताने घालवला." पंचवीस वर्षं त्यांनी ते तपासलं नव्हतं.

एका भेटीत त्यांनी खिशातला चुंबकी पट माझ्या टेबलावर उघडला आणि अर्ध्या मिनिटात सोंगट्या मांडल्या. "ही बघा 38वी."

मला सोंगट्या कशा चालतात एवढंच येतं. त्या दिवशी तेच उपयोगी पडलं. "आणि 37वी?"

"ती तशी महत्त्वाची नाही."

"तेव्हा तुम्ही जिंकत होतात?"

"अर्थात."

"कितव्या खेळीपासून?"

त्यांनी एक प्यादं मागे घेतलं. मग घोडा. मग हात तसाच पटावर थांबला. दुसऱ्यांचे शेकडो डाव तोंडपाठ असलेला हा माणूस हळूच म्हणाला, "आठवत नाही, ताई."

पुढच्या वेळी ते आईच्या कपाटातल्या शाळेच्या दाखल्यांच्या फायलीतून त्या डावाचा कागद शोधून घेऊन आले. गुलाबी कार्बन प्रत, घडीवर विरलेली. पहिल्या 23 खेळ्या शुद्धलेखनाच्या वहीसारख्या सरळ. 24व्यापासून अक्षर उतरणीला लागलेलं, आकडे रकान्याबाहेर. आणि 38व्या खेळीखाली लाल पेनाच्या दोन रेघा.

"या कुणाच्या?"

"माझ्याच. गाडीत मारल्या."

आम्ही दोघंही थोडा वेळ त्या कागदाकडे बघत राहिलो.

मग त्यांनी तो डाव माझ्यासमोर लॅपटॉपवर घातला, आयुष्यात पहिल्यांदा. 23 खेळ्यांपर्यंत बरोबरी. 24व्या खेळीला काळ्याने, म्हणजे समोरच्याने, घोडा बळी दिलेला, आणि तिथून दोन खेळ्यांत कॉम्प्युटर काळ्याला साडेतीन प्याद्यांइतका पुढे दाखवत होता. 37व्यापर्यंत पाचाच्या वर. सरांनी 38व्या खेळीला हत्तीऐवजी राजा हलवून पाहिला. तरी हारच.

मला वाटलं, आता मोकळे होतील. ते चिडले. "म्हणजे तो माझ्यापेक्षा चांगला खेळला?"

सत्तावीस वर्षं या खुर्चीत बसून मला जे नीट उमगलं नव्हतं ते त्या एका प्रश्नात उमगलं. चूक माझी, असं म्हणत राहण्यात दुःख तर आहेच, पण त्यात एक ताबाही आहे. चूक माझी म्हणजे विजयही माझाच होता, फक्त हातातून निसटला. स्वतःला दोष देऊन सरांनी ते पदक पंचवीस वर्षं जवळ ठेवलं होतं. दोष सोडायचा तर पदकही सोडावं लागणार होतं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांना अपराधी वाटणं का सोडवत नाही, ते मला तिथे दिसलं. त्या दिवशी सर रडले, आणि ते रडणं हत्तीसाठी नव्हतं.

तुमच्या मनातही अशी एखादी 38वी खेळी असेल तर तिच्या मागे जाऊन बघा. जुनी उत्तरपत्रिका असेल, रेकॉर्डिंग असेल, तेव्हा सोबत असलेलं कुणी असेल. कधी चूक खरोखर तुमचीच निघेल, तेही चालेल. निदान तिचं माप तरी कळेल. आणि आईबाबांनो, मूल हरून बाहेर आलं की हॉलपासून स्कूटरपर्यंत काही विचारू नका, पण गप्पही बसू नका. शेवउसळ खायची का, एवढं विचारलं तरी त्याला कळतं की आपण अजून त्याचेच आहोत. डावाचं उद्या बघता येतं, आणि बघायचंच तर पहिल्या खेळीपासून.

त्या मुलीच्या उलट्या एकदम थांबल्या नाहीत. दोन स्पर्धांत झाल्या, तिसरीत नाही झाल्या. लाल पेन मात्र सरांनी क्लासमधून काढून टाकलं आहे.

शेवटच्या भेटीत निघताना ते दारातून परत आले. गुलाबी कागद माझ्या फायलीत राहिला होता, तो मागायला.

"शनिवारी मुलांना 24वी खेळी दाखवायचीय," ते म्हणाले. "काळ्याची. फार सुंदर आहे, ताई."