'तुला काय गं, दहा मिनिटांचं काम'

पत्र लांब आहे म्हणून थोडक्यात सांगते. लिहिणारी डोंबिवलीची, वय 36, लोअर परळला एका ऑफिसात अकाउंट्सला आहे. सकाळी सातला घर सोडते, रात्री साडेआठला परत, त्यानंतर सरांचे मेसेज सुरू. सोसायटीची खजिनदार तीच आणि जुलै आला की अख्ख्या खानदानाचे आयटी रिटर्न पण तीच भरते. आजी कुडाळजवळच्या गावी, वय 87. आजीचे मालवणी शब्द, म्हणी, ओव्या वहीत उतरवायला घेतलेल्या, दर शनिवारी फोन करून. चाळीस पानं झाली आणि गेल्या दिवाळीपासून वही बंद. ती लिहिते, 'ताई, परवा वेळ होता तरी वही उघडली नाही, नुसती बघत बसले, काहीच वाटलं नाही. मला नाही म्हणता येत नाही, काय करू?'

अगं बाई, तुला नाही म्हणता येत नाही हे काही खरं नाही. आजीला तू गेले सात-आठ महिने दर शनिवारी नाहीच म्हणतेयस की! फक्त ती भांडत नाही, ती म्हणते 'तुका येळ गावलो की कर गो फोन' (हे तूच लिहिलंयस) आणि आपण समजतो की ते काम थांबू शकतं. जो ओरडतो त्याचं काम आधी आणि जो समजून घेतो त्याचं कधीच नाही, हे आपल्याकडे घराघरात चालतं.

मी बोलते कारण मी यातून गेलेय. मी बँकेत होते, एकतीस वर्षं, आणि दर गुरुवारी गिरगावात पेटी शिकायला जायचे. कुणाचं मूल आजारी, कुणाची लोकल चुकली, की 'आजच्या दिवस माझा काउंटर बघ ना' आणि मी हो, कारण खरं सांगू, बरं वाटायचं, सगळे म्हणायचे ही आपली हक्काची. मग गुरुवार गेले ते गेलेच. रिटायर झाल्यावर माळ्यावरून पेटी काढली तर भाता उंदरांनी कुरतडलेला. कुणाला दोष देऊ, कुणी माझ्याकडून ओढून घेतलं नव्हतं, मीच देत गेले. तुला पण ते 'हक्काची' आवडतं का, हे एकदा एकटी असताना विचार. लाज वाटायचं कारण नाही, सगळ्यांनाच आवडतं.

आता ते 'काहीच वाटलं नाही'. तुझ्या पत्रातलं हे वाक्य मी दोनदा वाचलं. नुसता थकवा असता तर रविवारी झोप काढून गेला असता. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, त्यांनी त्याला आजार नाही म्हटलंय, कामातून येणारी अवस्था म्हटलंय आणि खुणा तीन सांगितल्यात: अंगातली ताकद संपल्यासारखं होणं, कामापासून मन तुटणं आणि आपल्याच्याने नीट होत नाही असं वाटत राहणं. पहिल्या दोन तुझ्या पत्रात दिसतात. ऑफिसचा कंटाळा वहीपर्यंत पोचलाय एवढंच, आजीवरचं प्रेम आटलं असं समजू नकोस. पण झोपच लागत नसेल किंवा सगळंच नकोसं वाटत असेल तर 14416 वर फोन लाव, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

बाकी, सगळं एकदम सोडू नकोस. लोक सोमवारी खडबडून सगळ्यांना नाही म्हणतात आणि गुरुवारी दुप्पट हो म्हणून बसतात.

सोसायटीचं सोपंय. सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा घ्यावीच लागते, आत्ताच सेक्रेटरींना लेखी दे की सभेनंतर मी खजिनदार नाही. कारण लिहू नकोस. कारण दिलं की लोक त्याच्यावर उपाय शोधून आणतात, 'घरी वेळ नाही का, मग आम्ही मीटिंग तुझ्याच घरी घेतो' असले.

सरांशी मात्र जपून, पोटाचा प्रश्न आहे. फ्रान्समध्ये 2017 पासून कायदा आहे, ऑफिस सुटल्यावरच्या फोन-मेलबद्दल मोठ्या कंपन्यांना कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. आपल्याकडे सुप्रिया सुळेंनी लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलेलं, कायदा काही झाला नाही, म्हणजे तुझं तुलाच बघायचंय. एक महिना रात्रीचे मेसेज बघून ठेव, त्यातलं खरंच त्याच रात्री लागणारं किती होतं ते मोज. वीस तारखेच्या जीएसटीच्या आदल्या रात्रीचं समजू शकते, पण साडेदहाला 'फाइल कुठे सेव्ह केलीस' हे सकाळी दादर येईपर्यंत थांबू शकतं. तो हिशोब घेऊन सरांशी बोल, तू अकाउंट्सवाली आहेस, आकड्यात बोललीस तर ऐकतील. नाहीच ऐकले तर निदान नऊनंतर फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव, बघ काही कोसळतंय का.

शनिवारी सकाळी सात ते आठ आजी. आधी काही वाटणार नाही, तरी फोन लाव, वही उघडली नाहीस तरी चालेल, नुसत्या गजाली, म्हणजे गप्पा, कर.

राहिले मामा, ज्यांचं रिटर्न तू भरतेस ते. फॉर्म सोळाचा उलटा काढलेला फोटो, मागून एफडीच्या व्याजाचा आणखी एक आणि खाली 'दहा मिनिटांचं काम' असं तू लिहिलंयस ते वाचून मी हसले, असे एक मामा आमच्याकडे पण आहेत. नुसती पेन्शन आणि व्याज असेल तर इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर बरंचसं आधीच भरून येतं, मामेभावाला एकदा शेजारी बसवून दाखव आणि पुढच्या वर्षीपासून त्याच्यावर सोड. बाकीच्यांना जवळच्या सीएचा नंबर दे, पैसे पडले की निम्म्यांना स्वतःच जमायला लागेल बघ. आणि मामांना हे मेसेजवर कळव गं, फोन करू नकोस, फोनवर ते 'बाळा' म्हणतील आणि तू परत हो म्हणशील.