अंगावरचं कापड आण

प्रिय मुली,

तुझा कवंदीचा, म्हणजे तुमच्याकडच्या ठिगळांच्या गोधडीचा, आराखडा पाहिला. मधोमध आफ्रिकेचा नकाशा, त्यावर तुटलेल्या बेड्या, वर क्रूस, कोपऱ्यात मलिक अंबर आणि खाली पंख फुटलेली तू. सगळं नव्याकोऱ्या पॉपलीनवर. आणि वर मलाच विचारतेस, यात माझे पूर्वज का दिसत नाहीत? दिसतील कसे? यातलं एकही कापड कुणाच्या अंगाला लागलेलं नाही.

कर्नाटकातल्या हल्याळकडच्या, मूळच्या आफ्रिकी सिद्दींच्या घरातली पोर तू, कवंदी पांघरून वाढलेली. मलिक अंबरचा अभिमान जरूर बाळग. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस निजामशाहीचा कारभार हाकतो, ही लहान गोष्ट नाही. पण तुमच्याकडची बरीच घराणी गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या गुलामीतून निसटून घाटाच्या रानात शिरलेल्यांची. त्यांची चित्रं कुणी काढली नाहीत. ती माणसं तुला चेहऱ्यात नाही, कापडात आणि टाक्यात सापडतील.

अलाबामात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचं काळ्या लोकांचं गाव आहे. तिथल्या मिझूरी पेटवे या बाईने १९४२ साली, नवरा गेल्यावर, त्याच्या शेतात घालायच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्यात नकाशा नाही, बेडी नाही. विटलेल्या पँटी आणि सदऱ्यांचे पट्टे आहेत, बस. अंगावरचं कापड होतं म्हणून ती गोधडी बोलते.

तेव्हा कात्री खाली ठेव आणि आधी कापड गोळा कर. आजीची सुती साडी घे. साडेपाच मीटरची असेल तर तिचे सारखे तीन तुकडे होतात, प्रत्येक साधारण सहा फूट. एक अस्तराला, दुसरा विरलेल्या जागी आतून थर द्यायला, तिसरा वरच्या ठिगळांना. प्रत्येक कापड उजेडावर धरून बघ. धागे सुटे दिसले तर ते एकटं वर लावू नकोस, खाली घट्ट कापड घाल. सिंथेटिक साडी सुतीत मिसळू नकोस. धुतल्यावर सुती आटतं, ती आटत नाही, आणि सगळं चुरमडतं. लाल कापडाचा रंग जातो का, हे आधी भिजवून बघ.

शिवण कडेपासून सुरू करायची. अस्तराची कड आत दुमड, ठिगळाचीही दुमड, आणि सगळ्या थरांतून धावदोरा घालत चारी बाजूंनी आत ये. टाका तीन-चार मिलिमीटरचा, दोन ओळींत बोटाएवढं अंतर. दोरा सुताचाच, हातभर लांब. जास्त घेतलास की गुंता होतो. ठिगळं आधीच मापून कापायची नाहीत, जागा बघून निवडायची. दोरा ओढून घेतलास तर मध्ये पोट येतं. म्हणून दर दोन-तीन फेऱ्यांनी जमिनीवर पसरून कडेकडून मध्याकडे हात फिरव. फुगवटा लागला तर लगेच उसव. पुढे दाबून बसवू म्हणशील तर नाही बसणार.

आता तुझा क्रूस. कॅथलिक सिद्दी बायका कवंदीत क्रूस घालतात, मुसलमान बायका चंद्रकोर. तूही घाल, पण मध्यासाठी राखून ठेवू नकोस. मध्य शेवटी मिटतो आणि किती जागा उरेल ते आधी कळत नाही. आणि क्रूसही अंगावरच्या कापडाचाच हवा. प्रार्थनेला जाताना आई डोक्यावर घेते त्या ओढणीचा घे.

तुझ्या वाढीसाठी पंख कशाला? लहानपणचा झबला कडेला लाव, शाळेचा गणवेश त्याच्या आत, कॉलेजचा कुर्ता आणखी आत. शिवण ज्या वाटेने जाते त्याच वाटेने तूही जाशील. चार कोपऱ्यांना दुमडलेल्या तुकड्यांची फुलं लावायला विसरू नकोस. फुलांशिवाय कवंदी उघडी दिसते.

कुठलं ठिगळ कुणाचं, हे वहीत लिही. कापडावर शाईने नको, शाई पसरते. जॉर्जियात गुलामीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्सने बायबलमधल्या प्रसंगांची गोधडी शिवून १८८६ च्या कापूस-जत्रेत मांडली होती. पुढे अडचणीपायी पाच डॉलरला विकावी लागली, तेव्हा तिने चौकटी-चौकटीचा अर्थ सांगितला. विकत घेणारीने तो लिहून ठेवला, म्हणून आज तो तिच्या तोंडचा म्हणून वाचता येतो.

मी हट्टी वाटेन तुला. वाटू दे. नवं कापड लवकर शिवून होतं, फोटोत उठून दिसतं, म्हणून मीही ते बऱ्याच जणींच्या बाबतीत चालवून घेतलं आणि त्याची खंत अजून जात नाही. तुझ्या बाबतीत चालवून घेणार नाही. अंगावरचं कापड आण, मग बोलू.

पॉपलीन परत करून ये. आजोबांचा सदरा कुठल्या ट्रंकेत आहे ते आजीला विचार. कॉलर घामाने पिवळी पडली असेल, ती कापून टाकू नकोस.