मुलं १४, ९ आणि ३ वर्षांची आहेत. तिघांनाही आवडेल अशी सुटीची सहल कशी आखावी?

सगळ्यांना आवडेल अशी सहल नसते. शोधत बसू नका.

एवढ्यावरच उत्तर संपवलं असतं, पण प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही एक वाक्य लिहिलंय आणि त्यासाठी मी रात्री अकरा वाजता हे टाइप करतेय. "थोरली समजूतदार आहे, तिचा काही प्रश्न नाही, ती धाकट्याला छान सांभाळते." अहो, प्रश्न तिचाच आहे. मी खात्रीनं सांगते, कारण मी ती थोरली होते.

मी १३ वर्षांची, भाऊ ८ वर्षांचा, बहीण २ वर्षांची. समुद्रकाठी चार दिवसांचा मुक्काम. निघायच्या आधी बाबांनी आम्हाला समोर बसवून विचारलं, तुम्हाला काय काय बघायचंय सांगा. भावाची यादी संपता संपेना. माझं एकच होतं: दीपगृह. मी कुठेतरी वाचलं होतं की दीपगृहातला दिवा स्वतः फार मोठा नसतो, सगळी करामत त्याच्याभोवतीच्या भिंगाची असते. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसानं १८२०च्या दशकात एका अवजड भिंगाऐवजी काचेच्या कड्या एकात एक बसवल्या आणि तोच उजेड कितीतरी लांब जायला लागला. मला त्या कड्या बघायच्या होत्या. वहीत चित्रसुद्धा काढून ठेवलं होतं. बाबा म्हणाले, नक्की जायचं.

पहिले तीन दिवस धाकटीची झोप, धाकटीचं खाणं, धाकटीला लागलेलं ऊन. आई खोलीत अडकलेली, बाबा भावामागे पाण्यात, आणि मी तिला कडेवर घेऊन वाळूत येरझाऱ्या घालतेय. तक्रार केली नाही, कारण दीपगृह शेवटच्या संध्याकाळी होतं. ते लोकांसाठी दिवसातून एकच तास उघडं असायचं, चार ते पाच.

साडेतीनला धाकटी झोपली.

आई म्हणाली, आत्ता उठवलं तर रात्री कुणालाच झोप नाही. ते खरंच होतं. म्हणजे कुणीतरी थांबायला हवं. गाडी बाबाच चालवणार. आईला चार दिवसांत धड समुद्रसुद्धा दिसला नव्हता, तेव्हा ती जाणार. भावाला "तू थांब" म्हटल्याबरोबर त्यानं भोकाड पसरलं. मग राहिलं कोण? "तू मोठी आहेस. तू काय, पुढे कधीही बघशील."

खोलीच्या खिडकीतून दीपगृहाचा वरचा तुकडा दिसायचा. पांढरा, त्यावर काळे पट्टे. मी पंख्याखाली बसून तो तासभर बघितला. वरच्या कठड्याशी मुंग्यांएवढी माणसं आली, त्यातली आपली कोणती ते ओळखायचा प्रयत्न केला. धाकटी मध्ये एकदाही उठली नाही. पावणेसहापर्यंत गाढ झोपली. हे मी तिला अजून ऐकवते, तिचा त्यात काडीचा दोष नाही तरी.

परत येताना भावाला गाडी लागली. गप्प बसावा म्हणून बाबांनी त्याच्या हातात चित्रांचं पुस्तक दिलं होतं. कानातला तोल सांभाळणारा भाग सांगत असतो की आपण हलतोय, पुस्तकात खुपसलेले डोळे सांगत असतात की नाही, आणि या भांडणात पोट ढवळतं. तुमच्या ९ वर्षांच्यासाठी हे लक्षात ठेवा: दोन वर्षांच्या आतल्या मुलांना गाडी सहसा लागत नाही, सगळ्यात जास्त लागते ती साधारण ६ ते १२ या वयात. त्याला समोरचा रस्ता दिसेल असं बसवा आणि प्रवासात मोबाइल देऊ नका. तो शांत बसतो म्हणून द्यायचा मोह होतो, पण मग सीट धुवायची तयारी ठेवा.

आता भाऊ चाळिशीला आलाय, आणि त्याला दीपगृह आठवतच नाही. आत गेलो होतो का, असं मलाच विचारतो. त्याला आठवते ती ओकारी, आणि मुक्कामाच्या ठिकाणचं एक कुत्रं. बहिणीला काही आठवायचा प्रश्नच नाही. मोठेपणी माणसाला जी पहिली आठवण सांगता येते ती साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते, त्याआधीचं बहुतेक सगळं पुसलं जातं. म्हणजे हिशेब बघा. जिच्या झोपेभोवती सहल फिरली तिच्या खात्यात शून्य. जो भोकाड पसरून गेला त्याच्या खात्यात एक कुत्रं. आणि जी गेलीच नाही, ती आजही पट्टे मोजून सांगेल. पाच. तीन पांढरे, दोन काळे.

आणि हाच भाऊ दर वेळी सगळे जमलो की म्हणतो, "ताई, त्या सहलीत काय धमाल आली होती! तू उगाच तेवढंच धरून बसलीस." तेवढंच!

विमानाच्या तिकिटांचं एक बरं असतं. दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर, बाराच्या पुढे पूर्ण तिकीट, नियम सगळ्यांना ठाऊक. घरातल्या थोरल्याचं वय मात्र रोज बदलतं. काम असलं की ती मोठी, मत विचारायची वेळ आली की लहान. तुमच्या १४ वर्षांच्या मुलीला कुठे जायचं हे विचारलंत का? तुमच्या तपशिलात तिघांच्या झोपेच्या वेळा आहेत, तिची आवड एका शब्दानं नाही.

झोपेचा विषय निघालाच आहे तर सांगते. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिननं २०१६ साली वयानुसार झोपेचे तास दिले: ३ ते ५ वर्षांना दुपारची डुलकी धरून १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांना ९ ते १२, आणि १३ ते १८ वर्षांना ८ ते १०. हे आकडे मी भावालाही पाठवले होते, त्यानं नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवला. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा येते आणि सकाळी डोळे उघडत नाहीत. तो आळस नव्हे. धाकटा पहाटे साडेपाचला टुणकन उठतो म्हणून थोरलीलाही उठवून सूर्योदयाला उभं करू नका. तिला झोपू द्या. सूर्य काय, दुसऱ्या दिवशीही उगवतो.

तीन वर्षांच्या मुलासाठी ठिकाणं शोधायचीच नसतात. त्याला पाणी, एक बादली, आणि वीस वेळा चढता-उतरता येईल अशा चार पायऱ्या मिळाल्या की झालं. खूश करायला तो तिघांत सगळ्यात सोपा. तरी नव्वद टक्के डोकं आपण त्याच्यावर खर्च करतो, कारण रडण्याचा आवाज त्याचा सगळ्यात मोठा.

आता माझीही लाज सांगते. दोन वर्षांपूर्वी आम्ही आमची तिघं घेऊन गेलो, मोठा १५ चा, मधला १० चा, धाकटी ४ वर्षांची. मी ठरवलंच होतं की आपल्याकडून तसं होऊ द्यायचं नाही. दुसऱ्याच दिवशी, पोहण्याच्या तलावाच्या काठावर, माझ्याच तोंडून गेलं: "जरा हिच्याकडे बघ हं, आम्ही दोन मिनिटांत आलो." तो वाचत होता. काही बोलला नाही. पानात बोट घालून पुस्तक मिटलं आणि मान वर केली. रागसुद्धा नाही. मला ती मान ओळखीची वाटली आणि मी परत खाली बसले.

आणि पाण्याशी तर हे करूच नका, ते निव्वळ धोक्याचं आहे. बुडण्याचा धोका सगळ्यात जास्त १ ते ४ या वयाला असतो, आणि मूल बुडताना ओरडत नाही, हातपाय मारत आरडाओरडा करणं सिनेमात असतं. मुकाट्यानं खाली जातं. "ताई आहे ना तिथं" हा बंदोबस्त नव्हे. पाण्याशी एक मोठं माणूस, नाव घेऊन ठरवलेलं, हाताच्या अंतरावर, हातात फोन नाही. पंधरा-वीस मिनिटांनी पाळी बदला. चार मोठी माणसं काठावर गप्पा मारत असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय.

बाकी आम्ही केलं ते एवढंच. दुपारी धाकटीबरोबर खोलीत एक जण थांबायचं, दुसऱ्यानं दोघांना घेऊन बाहेर पडायचं, दुसऱ्या दिवशी उलट. सगळ्यांनी सगळीकडे एकत्र गेलं नाही तर सहल मोडते, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा करून बघावं. संध्याकाळी भेटल्यावर एकमेकांना सांगायला काहीतरी असतं. आणि प्रत्येक मुलाची एक वेळ ठरलेली, जिच्यात घासाघीस नाही, "बाळ झोपलंय" नाही. मोठ्याला मी मोठ्या थाटात विचारलं, तुझी वेळ आहे, बोल, काय बघायचंय? माझ्या मनात वस्तुसंग्रहालय, निदान एखादा किल्ला. तो म्हणाला, अकरापर्यंत झोपणार आणि मग दोन तास एकटाच बाजारात फिरणार. माझा चेहरा पडला. नवरा नंतर म्हणाला, "तुला त्याला त्याची वेळ द्यायची नव्हती, तुझं दीपगृह द्यायचं होतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. तो फिरून आला तेव्हा मात्र जेवणभर बोलत होता.

थोरलीची वेळ शेवटच्या दिवसावर ढकलू नका, असं मी सांगणार होते, कारण शेवटचा दिवस हमखास कापला जातो. पण उलटंही खरं आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान आणि सहकाऱ्यांचा १९९३चा प्रयोग आहे. लोकांना १४ अंशांच्या गार पाण्यात एकदा ६० सेकंद हात ठेवायला लावला, आणि एकदा तेच ६० सेकंद अधिक ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू एका अंशानं कमी गार होत गेलं. यातलं पुन्हा काय कराल विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचं निवडलं, कारण शेवट जरा सुसह्य होता. लक्षात शेवट राहतो. म्हणून शेवटची संध्याकाळ बॅगा भरण्यात आणि एकमेकांवर खेकसण्यात घालवू नका. बॅगा आदल्या रात्री. थोरलीची मुख्य वेळ दुसऱ्या दिवशी ठेवा, म्हणजे हुकली तरी भरून काढता येते, आणि शेवटच्या संध्याकाळी काय करायचं हेही तिलाच ठरवू द्या. दोन्ही तिला? हो, दोन्ही तिला. तुमच्या धाकट्याला कळणारही नाही.

आता वाचून पाहताना लक्षात आलं की मधल्याबद्दल गाडी लागण्यापलीकडे मी काहीच लिहिलं नाही. मधल्यांचं असंच होतं. त्याला नकाशा द्या, उद्या किती वाजता निघायचं ते त्याला ठरवू द्या, ९ वर्षांच्या मुलाला अधिकार फार आवडतो.

दिवस किती, हेही विचारलं होतंत. पाच-सहा, आणि एकाच जागी. मुक्काम बदलला की सामान आवरण्यात अर्धा दिवस जातो आणि धाकट्याची झोप नव्या खोलीत पुन्हा पहिल्यापासून.

हे सगळं दोन मोठी माणसं बरोबर असतील तर. तुम्ही एकट्याच तिघांना घेऊन जाणार असाल तर पाळ्या कुठून लावणार? मग थोरलीची मदत घ्यावीच लागेल. पण आधी विचारून घ्या, वेळ ठरवून घ्या, आणि त्या बदल्यात तिला काय हवंय ते द्या. काही थोरल्यांना मनापासून आवडतं सांभाळायला, तेही असतं. आणि माझ्या आईबाबांबद्दल वाईट मत करून घेऊ नका. आईला त्या चार दिवसांत मिळालेला तो एकमेव मोकळा तास होता, हे मला स्वतःची तीन झाल्यावर कळलं. भाऊ तेव्हा आठच वर्षांचा होता, हेही मला मान्य आहे. फक्त त्याच्यासमोर मान्य नाही.

गेल्या महिन्यात त्याला हे सगळं पुन्हा ऐकवलं. वैतागून म्हणाला, "एवढंच आहे ना, चल, या सुटीत सगळेच जाऊ. दीपगृह काय पळून गेलंय?" त्याची मुलगी आता दोन वर्षांची आहे. मी विचारलं, चार वाजता ती झोपलेली असली तर?

जरा विचार करून म्हणाला, "तुझा मोठा थांबेल की."