तिथीची पाऊणपट

दाभोळ खाडीकाठच्या एका शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई गेल्या वर्षी माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांची तक्रार अनेक शिक्षक करतात तीच होती: मुलांना विषयात रस नाही, नववीचा वर्ग तासाला पेंगतो. त्यांच्या संमतीने मी एक तास मागच्या बाकावर बसून पाहिला. पाठ भरती-ओहोटीचा होता, फळ्यावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी होती, आणि खिडकीबाहेर खाडी भरत होती. तिकडे कोणी पाहिले नाही.

तास संपल्यावर एका मुलाला मी सहज विचारले, "पाणी पूर्ण कधी भरेल रे?" त्याने बोटांवर मोजले. "आज षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला." तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब त्याला आजोबांनी शिकवला होता.

बाईंना हे सांगितले, तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मी घाटावरची. होडीत कधी बसले नाही. मुलांनी असे काही विचारले आणि मला आले नाही तर?" खरी काळजी ही होती. विषय मुलांच्या आयुष्याशी जोडावा हे शिक्षकांना पटलेले असते; परंतु तसे केल्यास वर्गात आपल्यापेक्षा जाणकार कोणी निघेल, ही धास्ती त्यांना पुस्तकाच्या पानाबाहेर पडू देत नाही. मी त्यांना एवढेच सुचवले की, जे येत नाही ते मुलांनाच विचारावे आणि वहीत लिहून घ्यावे.

पहिला प्रयत्न फसला. "मच्छीमाराची मुलाखत घ्या" असे सांगताच सर्वांनी एकमेकांच्या वहीतून त्याच पाच ओळी उतरवल्या. नंतर बाईंनी प्रश्न नेमका केला: भरतीच्या वेळी धक्क्याच्या किती पायऱ्या कोरड्या राहतात, ते पंधरा दिवस तिथीसह लिहा. अमावास्येच्या उधाणाला पायऱ्या बुडाल्या, अष्टमीच्या सुमारास बऱ्याच उघड्या राहिल्या, आणि पुस्तकातील 'भांगाची भरती' (पाणी सर्वांत कमी चढते ती) हा शब्द घरचाच निघाला. खाडीच्या आत राहणाऱ्या मुलांनी आपल्याकडे पाणी उशिरा चढते अशी हरकत घेतली, आणि लागोपाठच्या दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटे असतील तर भरती रोज 50 मिनिटांनी पुढे जायला हवी, मग तिथीच्या हिशेबात रोज पाऊण तासच कसा, यावर एक अख्खा तास गेला. सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरून, येणारी एक मुलगी मात्र या सगळ्यात गप्प होती. तिच्यासाठी बाईंना जांभ्यातून झिरपणारे पाणी आणि एप्रिलमध्ये आटणारी विहीर यांच्याकडे वळावे लागले, कारण कोकणातही समुद्र प्रत्येकाच्या दारात नसतो.

घटक चाचणीत त्या मुलाने भरतीची वेळ अचूक काढली, आकृतीत मात्र चंद्र चुकीच्या बाजूला काढला. बाईंनी आकृतीचे गुण कापले, हिशेबाचे दिले आणि पुढच्या तासाला त्यालाच फळ्यापाशी बोलावले.