दुसऱ्या कंपनीच्या सिस्टीम आणि डेटा समजून घ्यायला सुरुवात कुठून करू?

तुमची कंपनी एक छोटी कंपनी विकत घेतेय, डील अजून पूर्ण झालेलं नाही, तुम्हाला 'त्यांच्या सिस्टीम आणि डेटा समजून घे' म्हणून ३ आठवडे दिलेत आणि हातात आहे फक्त एक आर्किटेक्चर डायग्राम, म्हणजे कुठली सिस्टीम कशाला जोडलीय याचं चित्र. सुरुवात कुठून करायची आणि ३ आठवडे पुरतील का, प्रश्न हेच ना? मी हे काम दोन्ही बाजूंनी केलंय, एकदा घेणाऱ्यांकडून आणि एकदा विकल्या गेलेल्या कंपनीत बसून, त्यावरून सांगतो.

तो डायग्राम आधी बाजूला ठेवा. बहुतेक वेळा तो ऑडिटसाठी घाईघाईत काढलेला असतो आणि त्यानंतर कोणी उघडलेलाही नसतो. त्यापेक्षा त्यांच्याकडे एक इनव्हॉइस मागा. एकच. ऑर्डर आली तिथपासून पैसे जमा होऊन हिशोबात दिसेपर्यंत ते इनव्हॉइस कुठल्या कुठल्या स्क्रीनवरून आणि कोणाकोणाच्या हातातून जातं ते बघत जा, आणि प्रत्येकाला 'तुम्ही काय करता' असं विचारण्याऐवजी 'जरा करून दाखवता का' म्हणा, कारण विचारलं की माणूस मॅन्युअलमधलं सांगतो आणि करायला लागला की खरं बाहेर येतं.

माझ्याच बाबतीत झालेलं सांगतो. डायग्रामवर बिलिंगपासून अकाउंट्सपर्यंत एक छान बाण होता, वर लिहिलेलं 'ऑटोमॅटिक इंटरफेस'. अकाउंट्समधल्या एका ताईंच्या शेजारी जाऊन बसलो तर तो बाण म्हणजे त्या स्वतःच निघाल्या! दर महिन्याच्या १ तारखेला त्या फाईल एक्सपोर्ट करायच्या, एक्सेलमध्ये उघडायच्या, ९ ने सुरू होणारे ग्राहक कोड फिल्टर करून उडवायच्या, उरलेलं दुसऱ्या शीटमध्ये पेस्ट करून अपलोड. म्हटलं हे ९ वाले कोण? तर म्हणाल्या, 'ते टेस्टिंगचे आहेत, पण त्यातले ४ खरे ग्राहक आहेत, ते मी हाताने परत घालते.' कुठले ४ ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. वर एक्सेल कोडच्या पुढची शून्यं खातं, ००४१७ चं ४१७ होतं, म्हणून त्यासाठी अजून एक शीट. ताई त्या आठवड्यात रजेवर असत्या तर आम्ही तो बाण तसाच आमच्या रिपोर्टमध्ये छापला असता.

दुसरं, शब्दांचे अर्थ. 'ॲक्टिव्ह ग्राहक किती?' यावर त्यांचा आकडा ४० हजार आणि आमच्या हिशोबाने ११ हजार. खोटं कोणीच बोलत नव्हतं. आमच्याकडे ॲक्टिव्ह म्हणजे गेल्या १२ महिन्यांत काहीतरी घेतलेला, त्यांच्याकडे ज्याचं खातं बंद केलेलं नाही असा कोणीही, मग तो ८ वर्षांत फिरकला नसला तरी चालेल. किमतीची बोलणी मात्र ४० हजारावर चालली होती. म्हणून डॅशबोर्डवरच्या प्रत्येक मोठ्या आकड्याची क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून तो आकडा काढणारा कोड, मागा, व्याख्या तोंडी ऐकू नका. आणि टेबल हातात आलं की प्रत्येक कॉलममध्ये रिकामे किती, वेगळ्या व्हॅल्यू किती, सगळ्यात जास्त वेळा आलेल्या १० कुठल्या एवढं तरी काढा. एका दुपारचं काम आहे. हजारो लोकांचा जन्म ०१-०१-१९०० ला झालेला दिसला की समजायचं, फील्ड कंपल्सरी होतं आणि भरणाऱ्याला घरी जायचं होतं.

डील व्हायच्या आधी सगळं बघायला मिळणार नाही हेही लक्षात ठेवा. दोन्ही कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक असतील तर ग्राहकनिहाय किमती वगैरे बघणं स्पर्धा कायद्यात अडकू शकतं, त्यासाठी वेगळी 'क्लीन टीम' नेमतात, तशी माहिती फक्त तीच बघते. तुम्हाला नावं-नंबर झाकलेला सॅम्पल मागता येतो, तेवढ्यावरही बरंच कळतं. लीगलला पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

सिक्युरिटी तपासायला वेळ नाही असं कोणी म्हणालं तर मॅरियट या हॉटेल कंपनीचं उदाहरण द्या. त्यांनी २०१६ मध्ये स्टारवूड ही दुसरी हॉटेल कंपनी घेतली, तिच्या बुकिंग सिस्टीममध्ये हॅकर २०१४ पासूनच बसलेले होते, आणि ते कळलं २०१८ मध्ये. जगभरातल्या पाहुण्यांची ३३.९ कोटी रेकॉर्ड्स त्यात सापडली, आणि ब्रिटनच्या डेटा नियामकाने २०२० मध्ये १.८४ कोटी पौंडांचा दंड लावला तो मॅरियटला. व्हेरायझन याहू विकत घेत होती तेव्हा याहूचं हॅकिंग डील पूर्ण होण्याआधी तरी बाहेर आलं, म्हणून व्हेरायझनला किंमत ३५ कोटी डॉलरने कमी करून घेता आली.

आणि डेटा हलवायची घाई झाली की काय होतं ते बघायचं तर ब्रिटनची टीएसबी बँक. २०१५ मध्ये स्पेनच्या साबादेल बँकेने ती घेतली, पण बँक चालत होती जुन्या मालकाच्या, म्हणजे लॉइड्सच्या सिस्टीमवर. एप्रिल २०१८ मध्ये एका वीकेंडला ५० लाखांवर ग्राहक नव्या सिस्टीमवर हलवले आणि १९ लाखांपर्यंत लोकांना आपल्याच खात्यात शिरता येईना. नंतरच्या चौकशीत निघालं की डेटा सेंटर दोन होती आणि लोड झेपतो का वगैरे चाचण्या एकावरच झालेल्या. गाडी पूर्ण रुळावर यायला डिसेंबर उजाडला आणि २०२२ मध्ये ४.८६५ कोटी पौंड दंड. तुम्ही घेताय ती छोटी कंपनीसुद्धा कोणा मोठ्या ग्रुपच्या ईमेल, सर्व्हर किंवा पेरोलवर चालत असेल तर डीलनंतर ते किती महिने वापरायला मिळणार आणि मुदत वाढवली तर किती पैसे, हे आत्ताच विचारा. सॉफ्टवेअर लायसन्सचं पण तेच, मालक बदलला की काही लायसन्स आपोआप तुमच्याकडे येत नाहीत, व्हेंडरची संमती लागते आणि तो ती फुकटात देईलच असं नाही.

आता माणसांचं. मी विकल्या गेलेल्या बाजूला होतो तेव्हा समोरून एक टीम आली, लॅपटॉप उघडून 'तुमच्याशिवाय हे कोणाला येतं?' हा पहिला प्रश्न. आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात एकच अर्थ लावला आणि त्यानंतर त्यांना विचारलं तेवढंच सांगितलं, एक अक्षर जास्त नाही. रात्री अडीचला आपोआप चालणारा एक जॉब, म्हणजे प्रोग्राम, अधूनमधून बंद पडतो आणि मी सकाळी उठून हाताने परत चालवतो, हे मी त्यांना ३ महिन्यांनी सांगितलं. चूक होती माझी, पण खरं तेच आहे. त्यामुळे नोकऱ्यांचं काय होणार हे तुम्हाला माहीत नसेल तर 'मला माहीत नाही' असं सरळ सांगा, आणि पहिला प्रश्न 'तुम्हाला रोज डोक्याला ताप कशाचा होतो?' हा विचारा. यावर लोक तासभर बोलतात.

३ आठवडे पुरतील का असंही विचारलंय तुम्ही. सगळं कळायला नाही पुरणार, पण त्या ३ आठवड्यांत महिनाअखेर येतेय का ते कॅलेंडरवर आधी बघा. येत नसेल तर तारखा सरकवून मागा, ३ च्या जागी २ आठवडे मिळाले तरी चालतील पण महिना बदलतानाचे ४ दिवस त्यात हवेतच, कारण त्या ताईंसारखी हाताने चालणारी कामं तेव्हाच दिसतात.